गोव्याला गेलो, बीच राहिला!

"गोव्याला चाललेय," असं घरी सांगितलं की आईचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याला "हॅकर लोकांच्या कॉन्फरन्सला" असं शेपूट जोडलं की मामला एकदम सीरियस! "पोलीस धरून नेतील गं!" ही आईची पहिली रिअ‍ॅक्शन. दुसरी अर्थातच, "सोबत कोण कोण आहे?" बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. ते हल्ली फारसं बोलतच नव्हते. पण ते पुढे येईलच.

तर मार्च २०२५. छत्रपती संभाजीनगरहून रात्रीची स्लीपर बस, पुण्यात दुसरी बस, आणि पहाटे घाटातली वळणं. आम्ही चौघं. मित्रांची नावं छापायची नाहीत ही त्यांचीच अट (सिक्युरिटीवाले ना!), म्हणून आपण त्यांना एरियावरून हाक मारूया. 'वाळूज' तिथल्याच एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. 'सिडको' माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता पुण्यात आयटीत. 'बेगमपुरा' इंजिनिअरिंग संपवून घरबसल्या हॅकिंग शिकलाय, आणि त्यावर चार पैसे कमावतो सुद्धा. आणि चौथी मी. मास कॉमची डिग्री, फ्रीलान्स पत्रकार. कॉम्प्युटरमधली माझी मजल स्वतःचा पासवर्ड विसरण्यापर्यंत.

आम्ही चाललो होतो नलकॉनला. 'नल' नावाच्या सिक्युरिटीवाल्यांच्या ग्रुपने २०१० साली गोव्यात सुरू केलेली ही कॉन्फरन्स. आधीचे दिवस ट्रेनिंगचे, मग दोन दिवस भाषणं, स्पर्धा आणि भरपूर गप्पा. त्याच्याही आधी, डिसेंबर २००७ मध्ये, आपल्या पुण्यात 'क्लबहॅक' भरलं होतं. आणि या सगळ्या जत्रांचा मोठा भाऊ म्हणजे अमेरिकेतल्या लास व्हेगासचं 'डेफकॉन', १९९३ पासून सुरू.

आता तुम्ही म्हणाल, चोरांची जत्रा? थांबा! 'हॅक' हा शब्द या अर्थाने रुजला तो अमेरिकेतल्या एमआयटीच्या पोरांमध्ये, आणि तोही खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबात. वायरींशी खेळून एखादी भारी युक्ती काढली की ती 'हॅक'. चोरी वगैरे नंतर चिकटलं. अर्थात आपल्याकडे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात तर आयटी कायद्याचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत आत! त्यामुळे इथली मंडळी परवानगी घेऊनच घुसतात.

पहिल्या दिवशी मी नुसती बघत राहिले. काळे टी-शर्ट, स्टिकरांनी भरलेले लॅपटॉप, आणि आत शिरताच वाळूजची ऑर्डर, "फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद कर आधी!" एका कोपऱ्यात 'कॅप्चर द फ्लॅग'वाले. फंडा साधा आहे. मुद्दाम कच्चं ठेवलेलं सॉफ्टवेअर द्यायचं, त्यात कुठेतरी लपवलेली ओळ शोधायची, ती सापडली की पॉइंट. बेगमपुरा त्याला जो चिकटला तो जेवायलाही उठेना. सिडकोने 'विंजा'ची चौकशी केली. जास्तीत जास्त मुली या क्षेत्रात याव्यात म्हणून सुरू झालेली ही स्पर्धा. मी भाषणं ऐकली. दहातली दोन वाक्यं कळली. पण एक गोष्ट मात्र सारखी खटकत होती. स्टेजवर येणारा माणूस आपण काय जिंकलं यापेक्षा काय फसलं तेच जास्त रंगवून सांगत होता. आणि लोक टाळ्या वाजवत होते!

दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत याचं उत्तर मिळालं. पुढे चाळिशीचा एक माणूस, एका कंपनीत सिक्युरिटीचा हेड. कर्मचाऱ्यांची परीक्षा म्हणून यांच्याच टीमने सगळ्यांना खोटा ईमेल पाठवला, आणि त्यातल्या लिंकवर क्लिक करणाऱ्यांत हे साहेब स्वतः! "मीटिंगच्या घाईत होतो, केलं क्लिक," हे त्यांनी अख्ख्या रांगेला हसत हसत सांगितलं. मागच्या मुलीने तिचा किस्सा सांगितला. मग अजून एकाने. मी पण हसत होते. आणि एकदम हसू थांबलं.

कारण मला बाबा आठवले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना मेसेज आला होता. बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा. बाबा निवृत्त शिक्षक. आयुष्यात एक बिल उशिरा भरलेलं नाही. त्यांनी घाबरून फोन केला. समोरच्याने गोड बोलून एक अ‍ॅप टाकायला लावलं, फोनची स्क्रीन त्याला दिसायला लागली, आणि ८३ हजार गेले. बाबा चार दिवस कुणाला काही बोलले नाहीत. अशा वेळी सगळ्यात मोलाचा असतो पहिला तास. १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात. आमचे चार दिवस गेले, पैसेही गेले.

पाचव्या दिवशी आईकडून कळल्यावर मी काय म्हटलं माहितीये? "बाबा, तुम्ही एवढे शिकलेले, असं कसं केलंत?"

त्या दिवसापासून बाबांचा स्मार्टफोन कपाटात आहे.

रात्री हॉटेलच्या खोलीत वाळूजने बॅगेतून एक पारदर्शक कुलूप काढलं. सरावाचं. एका हाताने हलका ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या बारीक तारेने आतल्या पिना एकेक करून वर ढकलायच्या. बेगमपुऱ्याला २ मिनिटं लागली, मला पाऊण तास. त्या पाऊण तासात मी तिघांना बाबांचं सगळं सांगितलं. माझं ते वाक्य सुद्धा.

कुणीच काही बोललं नाही. मग बेगमपुरा म्हणाला, "दौलताबाद गयी थी ना स्कूल में?"

गेले होते म्हणजे काय! संभाजीनगरच्या पोरांची पहिली सहल तीच असते. खंदक, हत्तींना रोखणारे खिळ्यांचे दरवाजे, आणि ती 'अंधारी', जिथे गाइड मशाल विझवतो आणि सगळ्या मुली किंचाळतात. फोडायला अशक्य किल्ला. तरी १२९६ साली खिलजीपुढे देवगिरी नमली. कशामुळे? सांगतात ते असं, की वेढ्यात उघडून बघितल्यावर धान्य म्हणून भरलेल्या गोण्यांमध्ये निघालं मीठ!

"दीवार किसी ने नहीं तोडी," बेगमपुरा म्हणाला. "बोरी किसी ने पहले खोल के देखी नहीं, बस."

सिडकोने त्याच्यापुढचं सांगितलं. यांच्या धंद्यात भोक सापडलं की आधी ज्याचं सॉफ्टवेअर आहे त्याला कळवतात, दुरुस्तीसाठी वेळ देतात (साधारण ९० दिवसांची पद्धत रूढ आहे), आणि मग सगळ्यांना उघड सांगतात, म्हणजे बाकीचे सावध होतात. "जो सांगतो त्यालाच झापलं, तर पुढच्या वेळी कोण सांगेल?" ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी चार दिवस का लपवलं? तू काय म्हणशील ते त्यांना माहीत होतं म्हणून."

सॉलिड लागलं ते. कारण खरं होतं.

परतीच्या बसची वेळ झाली. बीच राहिलाच. सगळ्यांनी घरच्यांसाठी काजू घेतले. मी वाळूजकडून ते कुलूप विकत घेतलं.

घरी पोचल्यावर बाबांसमोर बसले. म्हटलं, "बाबा, सॉरी. चूक तुमची नव्हती. त्या लोकांचा तो रोजचा धंदा आहे. तिथे सिक्युरिटीचे हेड असलेले लोक फसतात आणि चहाच्या रांगेत हसत सांगतात." बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पैशाचं नाही गं काही. तुला कळेल याचीच भीती वाटत होती."

मी कुलूप पुढे केलं. "हे काय?" "उघडून बघा. किल्लीशिवाय."

तीन संध्याकाळी चष्मा लावून बसले होते. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात ओरडत आले, "उघडलं!" आईला वाटलं गॅसचं काहीतरी झालं.

पुढच्या आठवड्यात बाबा ते कुलूप सकाळच्या कट्ट्यावर घेऊन गेले. आधी कुलूप उघडून दाखवलं, मग ८३ हजारांची गोष्ट सांगितली, आणि शेवटी अस्सल मास्तरांसारखं १९३० सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यावर त्यांचे एक मित्र हळूच म्हणाले, "सर, माझंबी झालं होतं हो. घरी नाही सांगितलं अजून."

स्मार्टफोन कपाटातून बाहेर आलाय. परवा बाबांनी विचारलं, "पुढच्या वर्षी ते गोव्याचं कधी असतं?"

यावेळी आईला कसं सांगायचं, तेवढं बघावं लागेल!