मरळीच्या मुलखात

मासे म्हटलं की आपली गाडी थेट कोकणात! २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तेव्हा तर विषयच संपला. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, भंडारा जिल्ह्यातही अस्सल मासेखाऊ राहतात बरं का! एखादा वीकेण्ड मोकळा असेल तर नागपूरहून मुंबई-कोलकाता हायवे पकडा. शंभरेक किलोमीटरवर साकोली, आणि याच तालुक्यात एकोडी.

हा मुलूख धानाचा आणि मामा तलावांचा. मामा म्हणजे माजी मालगुजारी! गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं शेतीसाठी हे तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, नाव मात्र चिकटलं.

इथला हीरो म्हणजे मरळ. सापासारखं चपटं डोकं, काळपट पाठ, पांढरं पोट आणि तोंडभर दात. दिसायला पक्का व्हिलन! कल्ले असूनही तिला वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. पाण्याखाली अडकवून ठेवली तर चक्क गुदमरते. म्हणूनच तलाव आटला तरी ओल्या चिखलात तग धरते आणि बाजारात टोपलीतही बराच वेळ जिवंत राहते. काटे कमी, चव झकास. तेलंगणनं तर २०१६ मध्ये तिलाच राज्यमासा केलं.

ढिवर मंडळी तिला जाळ्यात धरतात, नाहीतर गळाला जिवंत बेडूक किंवा छोटा मासा लावून. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका तरंगताना दिसला तर समजा, आईबाप खालीच पहाऱ्यावर आहेत. जवळ येईल त्यावर ते झडप घालतात. गळाचं आमिष असलं तरी! तेव्हा त्यांना धरणं सोपं, पण मग पिल्लं उघड्यावर पडतात.

त्यात तलावांत गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली, बाहेरून आणलेल्या माशांचं बीज सोडलं गेलं. देशी मासे मागे पडले. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात ढिवर बायकांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या. माशांना अंडी घालायला जागा मिळाली आणि ते परतू लागले.

तेव्हा मरळीचा झणझणीत रस्सा आणि भात जरूर हाणा. फक्त तो झुबका तरंगत असेल, तेव्हा गळ पिशवीतच राहू द्या!