पाहणे आणि घेणे

कापडाच्या दुकानात चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाची नजर सहजासहजी निवृत्त होत नाही. समोर काहीही आले, की पोत, पन्हा आणि भाव यांचा हिशेब मनात आपोआप मांडला जातो. कोल्हापुरातील अशाच एका गृहस्थांनी दुकानाचा कारभार मुलाच्या हाती सोपविला आणि त्याच वर्षी पर्युषणात परिग्रह-परिमाण व्रत घेतले. घरातील वस्तूंना मर्यादा पडली. मोकळ्या दुपारींना मात्र काही मर्यादा राहिली नाही.

अशाच एका दुपारी वळवाच्या पावसाने त्यांना राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात नेऊन सोडले. मोठ्या शहरातील संग्रहालयात माणूस एका दालनातून दुसऱ्या दालनात धावत असतो. येथे धावायला जागाच नाही. हे मुळात एक राहते घर. रुपेरी पडद्यावरील नायक म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, ते चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) चित्रकारही होते. रंगांच्या भुकटीने छटा देत त्यांनी निसर्गचित्रे काढली आणि ती आपल्या घरासह शासनाच्या स्वाधीन केली. त्या दुपारी दुसरे कोणीही नव्हते. एकाच चित्रासमोर ते अर्धा तास उभे राहिले. ‘काय दाखवू?’ असे कोणी विचारले नाही, आणि ‘केवढ्याला?’ असे विचारण्याची गरज त्यांनाही वाटली नाही. भाव न करता काहीतरी पदरात पडल्याचा तो त्यांच्या आयुष्यातील बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

मग तो परिपाठच झाला. कधी टाऊन हॉलमधील संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रे पाहावीत. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या या थोर चित्रकाराने महाराजांच्या निधनानंतर आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे सांगतात, ते आठवावे. कधी दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात स्थानिक चित्रकारांचे प्रदर्शन पाहावे. तेथे चित्रकार स्वतःच टेबलाशी बसलेला असतो. ‘या, बसा’ म्हणतो, चहा मागवितो, अमुक निळा रंग कसा साधला ते सांगतो. रंकाळ्याचे पाणी पहाटे वेगळे आणि सायंकाळी वेगळे असते, हे त्याच पाण्याकाठी आयुष्य घालवूनही या गृहस्थांना तेथेच उमगले. काही न घेता इतके मिळते. अपरिग्रहाचे सुख म्हणतात ते हेच, असे ते घरी कौतुकाने सांगत.

या समाधानाला एका सायंकाळी तडा गेला. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. एक वृद्ध कलाशिक्षक आपली चित्रे भिंतीवरून उतरवून जुन्या चादरींत बांधत होते. सगळ्या दिवसांत एकही चित्र विकले गेले नव्हते. त्यांनी तक्रार केली नाही. अभिप्रायाची वही तेवढी पुढे केली. तो चेहरा या गृहस्थांच्या ओळखीचा होता. सायंकाळपर्यंत भवानी न झालेल्या दुकानदाराचा तो चेहरा होता. चाळीस साड्या उलगडायला लावून ‘घरी विचारून येतो’ म्हणत उठणारे गिऱ्हाईक त्यांना आठवले. आपण वर्षभर तेच तर करीत आलो! अपरिग्रहाच्या नावाखाली आपली कृपणता तर लपत नव्हती ना? दालनाला भाडे द्यावे लागते, चौकटीला सुताराचे पैसे लागतात, हे व्यापाऱ्याला न कळणे शक्य नव्हते.

पण व्रताचे काय? त्यांनी क्षणभर विचार केला. व्रताने मर्यादा घातली होती ती साठविण्याला, देण्याला नव्हे. मांडऱ्यांनी तर राहते घरच दिले होते. त्यांनी पंचगंगेच्या घाटाचे एक चित्र पुन्हा सोडायला सांगितले आणि किंमत विचारली. घासाघीस करण्याची जन्मभराची सवय ओठांपर्यंत आली. ती त्यांनी गिळली. सांगितलेली रक्कम मोजून दिली. वृद्ध शिक्षकांनी नोटा न मोजता कपाळाला लावल्या.

ते चित्र घरी आले नाही. समाजाच्या विद्यार्थी वसतिगृहातील अभ्यासिकेत ते लावले गेले. आता ते दर वर्षी एक चित्र घेतात आणि कोठेतरी देऊन टाकतात. इतर दुपारी मात्र ते पूर्वीसारखेच नुसते पाहायला जातात आणि आता अभिप्रायाच्या वहीत केवळ ‘उत्तम’ असे न लिहिता काय आवडले तेही लिहितात.

मध्यंतरी ते वसतिगृहात गेले होते. परीक्षेचे दिवस होते. मुले पुस्तकांत बुडालेली होती. एका मुलाने मात्र आपली खुर्ची भिंतीकडून फिरवून घाटाच्या दिशेने करून घेतली होती. गृहस्थ काही न बोलता दारातूनच परतले.