दूरच्या वर्गाची सिद्धता

निवृत्त शिक्षकाला शाळेची पायरी पुनश्च चढावी लागते ती बहुधा सत्काराच्या निमित्तानें, आणि तेव्हां त्याच्या हातीं श्रीफळ असतें. मी गेल्या आषाढांत चढलों तेव्हां माझ्या हातीं हातोडी व खिळ्यांची पुडी होती.

सातारा तालुक्यांतील त्या शाळेंत मीं एकतीस वर्षें संस्कृत शिकविलें. मी निवृत्त होऊन सांगलीस धाकट्या बंधूंच्या घरीं राहावयास गेलों. माझ्या जागीं कोणी आलें नाहीं. दहावीच्या नऊ मुलींनीं संस्कृत घेतलें होतें. परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वीं सोय न झाल्यास विषय सोडा, असें त्यांस सांगण्यांत आलें. तेव्हां माझी पुतणी म्हणाली, "काका, येथूनच शिकवा कीं, व्हिडिओ-कॉन्फरन्स करूं." मला वाटलें, यंत्र लाविलें कीं झालें!

पहिल्या चाचणीस आमच्या माजघरांत सारें घर गोळा झालें. पडद्यावर नऊ काळ्या आकृति दिसल्या. पाठीमागें खिडकी असल्यामुळें एकीचाही चेहरा उमटेना. आवाज विहिरींतून यावा तसा. मीं 'रामः' म्हटलें. तिकडून 'राम' असें आलें. पुनः म्हटलें, पुनः 'राम'. भावजयबाई म्हणाल्या, "भाऊजी, पोरी मराठीच बोलताहेत." सर्व हसले, मला मात्र हसूं येईना. विभक्तीच ऐकूं येणार नसेल तर शिकवावयाचें काय?

या मार्गानें जाणारे आम्ही कांहीं पहिले नव्हतों. २० सप्टेंबर २००४ रोजीं भारतानें एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीं योजलेला उपग्रह सोडला. तो सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यानें शब्द वर जाऊन खालीं येण्यास पाव सेकंद लागे. पुढें मुंबईच्या आय. आय. टी.नें, डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकारानें, ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत केंद्रें नेमून सहस्रावधि अध्यापकांस एकाच वेळीं शिकविलें. मला त्यांतील एक गोष्ट फार पटली. मुख्य कार्यशाळेपूर्वीं त्या त्या केंद्राच्या समन्वयकास वेगळें शिक्षण देत. वक्ता मुंबईस असो. खोली गांवच्याच माणसानें सिद्ध करावयाची.

म्हणून गाडीनें साताऱ्यास गेलों. (सातारा स्टेशन माहुलीच्या बाजूस आहे. तेथें वेण्णेला घेऊन निघालेली कृष्णा पुढें सांगलीच्या घाटाला लागते. नदी जें अंतर काटते तें शब्दानें काटण्यास काय हरकत?) पत्र्याखालीं पावसांत शिक्षकाचा आवाज त्याचा त्यालाच ऐकूं येत नाहीं, हें अनुभवानें ठाऊक होतें, म्हणून कौलारू खोली घेतली. बाक फिरवून खिडकी मुलींच्या समोर आणली, तों तोंडें उजळलीं. कॅमेरा बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीस बांधला. पूर्वीं तो इतका वर होता कीं मला नुसते भांग दिसत. ध्वनिक्षेपकाचें तोंड मायक्रोफोनपासून फिरविलें; नाहीं तर माझाच शब्द परत येऊन मला शिकवूं लागे. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर.

मुख्य शत्रु घुमारा. दगडी भिंती आणि फरशी यांमुळें एका शब्दाचें शेपूट दुसऱ्यावर पडतें. मराठींत तें खपून जातें. संस्कृतांत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो. शाळेचे शिपाई माझ्याच वर्षीं नोकरीस लागलेले. ते म्हणाले, "गुर्जी, वाकळा टांगूं." सायंकाळपर्यंत मुलींनीं घरोघरच्या अकरा वाकळा आणल्या. त्या मागच्या व बाजूच्या भिंतींस ठोकल्या, खालीं सतरंजी अंथरली आणि टाळी वाजवून पाहिली. टाळी टाळीपुरतीच राहिली. खोली मात्र धोबीघाटासारखी दिसूं लागली.

तरीही विसर्ग येईना! अखेर पुतणीनें चोर पकडला. यंत्रांत गोंगाट गाळण्याची योजना असते. ती विसर्गाचा हकार नुसता श्वास समजून गाळून टाकी. पाणिनीनें ज्यासाठीं सूत्रें रचलीं तें यंत्रानें केरांत काढावें! ती योजना बंद करतांच 'रामः' पुरा आला.

एका सुरांत पाठ म्हणणें मात्र साधत नाहीं, कारण मुलींचा आवाज माझ्या मागून येतो. तेव्हां जुनी संथा उपयोगी पडली. गुरूनें एकदां म्हणावें आणि थांबावें, मग शिष्यांनीं दोनदां म्हणावें. तींत थांबणें मुळांतच असल्यामुळें विलंब जाणवतच नाहीं.

नवांचेही अर्ज भरले गेले. एक उणीव राहिली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी ओठ हलवी. आवाज तिचा कीं शेजारणीचा, हें एका मायक्रोफोनवरून उमजेना. वर्गांत असतों तर तिच्या बाकापाशीं जाऊन उभा राहिलों असतों. आतां तेथें शिपाईमामा उभे राहतात. संस्कृत त्यांस येत नाहीं, पण कान देऊन ऐकतात, आणि पडद्याकडे वळून मला सांगतात, "आला, गुर्जी, विसर्ग आला."