चौदा ते अठरा

पंचावन्न उलटल्यावर माणसाने परीक्षेचा अर्ज भरावा की नाही, याविषयी आमच्या शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले, "सर, याचं इन्क्रिमेंट मिळणार का?" मिळणार नव्हते. दुसऱ्यांना वाटले, निवृत्तीनंतर वकिली करायचा माझा बेत असावा. तोही नव्हता. बालहक्क कायद्याची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने घेता येते, असे वर्तमानपत्रात वाचले आणि नाव घातले, इतकेच. इतिहास घेऊन मी एम.ए. झालो ते धारवाडला, १९९२ साली. त्यानंतर प्रश्नपत्रिका पुष्कळ काढल्या. सोडवली एकही नव्हती.

ज्या विषयात आयुष्य गेले, त्याचा अभ्यास आता कशाला, असे कोणी विचारील. पण मुलांमध्ये राहणे वेगळे आणि मुलांच्या हक्कांचा अभ्यास वेगळा. माळ्याला झाडे कळतात. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे त्याला सातबारा पाहिल्यावरच कळते.

पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा आला तो सगळा इंग्रजीत. आम्ही सीमाभागातली माणसे, भाषांतर हा आमचा नित्याचा व्यवहार. समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहीत गेलो. संपर्क वर्गासाठी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूरला गेलो, तेव्हा शेजारी धारवाडकडच्या एक कन्नड शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्या वहीवर शीर्षक होते, 'मक्कळ हक्कु'. माझ्या वहीवर 'मुलांचे हक्क'. हक्क हा शब्द अरबीतून आला आणि दोन्ही घरांत सारखाच रुळला. ज्या शब्दावरून आपल्या भागात इतकी वर्षे भांडण चालले आहे, तो शब्द तरी दोघांचा एकच, हे पाहून आम्ही दोघेही हसलो.

अभ्यासाची सुरुवात जिनिव्हापासून होते. १९२४ साली राष्ट्रसंघाने बालहक्कांचा पहिला जाहीरनामा स्वीकारला. त्याचा मसुदा एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंचा. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी पडलेल्या शत्रुराष्ट्रांतल्या मुलांसाठी त्यांनी इंग्लंडमध्ये मदत गोळा केली होती. पुढे १९५९ चा जाहीरनामा आला आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता. कलमे ५४. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली. म्हणजे मी पदवी घेऊन नोकरी शोधत होतो त्याच वर्षी. मोर्चे आणि दंगली यांनी भरलेल्या त्या डिसेंबरात ही बातमी कोणाच्या लक्षात राहिली असेल, असे वाटत नाही.

संहितेची मागणी पोलंडने १९७८ साली केली, त्यामागे यानुश कोर्चाक यांची स्मृती होती. हे वॉर्सातले डॉक्टर. त्यांनी चालवलेल्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच, आणि तक्रार झाली तर खुद्द डॉक्टरांनाही त्यापुढे उभे राहावे लागे. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी आश्रमातल्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा सुटकेची संधी नाकारून कोर्चाक मुलांबरोबर गेले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याने हे प्रकरण एका बैठकीत वाचू नये. मला तीन रात्री लागल्या.

पण हे सारे परदेशातून आले असे समजण्याचे कारण नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्ती आणली. गोखल्यांचे १९११ चे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले. जे कलकत्त्यात जमले नाही, ते शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आपल्या आजोबा-पणजोबांनी हा दंड पाहिला असेल. बालहक्क हा शब्द तेव्हा नव्हता, पण गोष्ट तीच होती.

स्वतंत्र भारताला हे पुरे करायला वेळ लागला. २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, आणि १ एप्रिल २०१० पासून अंमल. वय ६ ते १४, इयत्ता पहिली ते आठवी. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला दाराबाहेर ठेवता येत नाही. आपल्या कारखान्यांच्या परिसरात दर हंगामाला ऊसतोडीची कुटुंबे उतरतात. त्यांच्या पोरांना ही दोन कलमे माहीत नसतात, पण त्यांचा उपयोग त्यांनाच सर्वांत जास्त.

आता खरी गोम. आमच्या कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून सुरू होते. म्हणजे माझ्या तीन इयत्तांपैकी एकच या कायद्याच्या छपराखाली येते; नववी आणि दहावी उघड्यावर. संहिता म्हणते, अठरा वर्षांखालचे ते मूल. लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा तेच म्हणतो. मुलीचे लग्न अठराच्या आत नको. कर्नाटकाने तर २०१६ च्या दुरुस्तीने असे लग्न मुळातच रद्दबातल ठरवले. मत अठराला, गाडीचा परवाना अठराला. मात्र २०१६ मध्ये सुधारलेला बालकामगार कायदा चौदा पुऱ्या झालेल्या मुलाला केवळ धोक्याच्या कामांपासून अडवतो. म्हणजे चौदा ते अठरा या चार वर्षांत मूल मूलच असते. पण त्याचा शाळेचा हक्क संपलेला असतो आणि कामाचा रस्ता मोकळा झालेला असतो. नवीन शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात हा हक्क अठरापर्यंत नेण्याची शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात २०३० पर्यंत सर्वांना माध्यमिक शिक्षण हे उद्दिष्ट तेवढे आले. उद्दिष्ट आणि हक्क यांत फरक असा, की हक्क बुडाला तर दाद मागता येते.

हे वाचत होतो त्याच वर्षी गणपती झाल्यावर आमच्या नववीतला एक मुलगा यायचा थांबला. वडील वडगावला मागावर होते. मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या कण्याला मार बसला आणि घर बसले. मुलगा बाजारातल्या एका कापड दुकानात लागला होता. दहा-बारा दिवसांनी आई दाखला मागायला आली. मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सर, नाव काढून टाका त्याचं. उगीच गैरहजर-गैरहजर लिहून घेतोय."

मी वय पाहिले. चौदा वर्षे तीन महिने. शिक्षण हक्क कायदा तीन महिन्यांपूर्वी त्याच्या घरातून उठून गेला होता. कापड दुकान काही धोक्याचा धंदा नव्हे. एकही कायदा मोडलेला नव्हता, आणि एक मूल शाळेतून गेले होते.

संहितेचे १२ वे कलम सांगते, की मुलाला आपले मत मांडता आले पाहिजे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. आईला म्हटले, "दाखला देतो, पण त्याला एकदा पाठवा." रविवारी सकाळी तो आला. नवा शर्ट, हातात फूटपट्टीऐवजी आता मीटर. मी विचारले, तुला काय वाटते? बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मला दहावी करायचीय. पण बाबांच्या गोळ्यांना पैसे कोण देणार, ते सांगा आधी." चौदा वर्षांच्या मुलाने प्रश्न असा नेमका मांडला, की माझ्या परीक्षेत तसा एकही आला नाही.

उत्तर मात्र त्याच गठ्ठ्यात होते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ४५ वे कलम प्रायोजकत्वाचे आहे. आई विधवा असेल, आईबाप जिवावरच्या आजाराने ग्रासले असतील, किंवा अपघाताने निकामी होऊन मुलांचा सांभाळ करू शकत नसतील, तर कुटुंबाला मदत देण्याची त्यात सोय आहे, आणि इथे मूल म्हणजे अठरापर्यंतचे. २०२२ पासून मिशन वात्सल्य योजनेत ही मदत महिना चार हजार रुपये आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. कागद कन्नडमध्ये करायचे होते, ते आमच्या कन्नडच्या बाईंनी केले. दवाखान्याचे कागद, उत्पन्नाचा दाखला, आमचे पत्र. मंजुरी येईपर्यंत शिक्षकांनी आपसात गोळा करून गोळ्यांचा खर्च चालवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्गात आला. पुढे दहावी झाला, आता डिप्लोमाला आहे.

इथे लेख संपवला तर वाचकांना बरे वाटेल. पण त्याच वर्षी आमच्या पटावरून आणखी दोन नावे गेली, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांचे वडील धडधाकट होते, रोज कामाला जात होते. फक्त मिळकत पुरत नव्हती. ४५ व्या कलमात अपघात आहे, आजार आहे. नुसती गरिबी नाही. त्या दोघांसाठी माझ्या गठ्ठ्यात काही सापडले नाही. पदविकेचा शोधनिबंध मी याच विषयावर लिहिला: नववी-दहावीतून जाणारी मुले आणि कायद्यातील चार वर्षांचे अंतर. उत्तीर्ण झालो. वर्ग सांगण्याचे हे वय नव्हे.

आपल्या सीमाभागाला जवळची एक बाब राहिली. घटनेचे ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात निकाल दिला, की प्राथमिक शाळेचे माध्यम सरकार लादू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील. मराठी शाळा इंग्रजीपुढे ओस पडत असताना हा निकाल आपल्याला दोन्हीकडून कापतो. पण अभ्यासामुळे मला त्यात तिसराही पक्ष दिसू लागला. सरकार बोलले, पालक बोलले. मुलाला विचारले का? आपल्याकडच्या पंचायतींत मुलांची ग्रामसभा भरते. एका सभेत एक मुलगी मराठीत म्हणाली, शाळेच्या वेळेला बस नाही. तिच्या शेजारच्या मुलीने ते लगेच कन्नडमध्ये अधिकाऱ्यांना सांगितले. भाषेचा वाद तिथे अर्ध्या मिनिटात मिटला. बसचा मात्र त्यांनी लावून धरला.

आता दर जूनमध्ये मी आठवी-नववीचा हजेरीपट घेऊन बसतो आणि त्या वर्षी ज्यांना चौदा पुरी होणार त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण करतो. त्या घरी वर्गशिक्षक वर्षातून दोनदा जाऊन येतात. कायदा जिथे थांबतो तिथे शाळेने थांबू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हा अंक हाती पडेल तेव्हा बाजारात गर्दी असेल. दिवाळीत दुकानांना जादा हात लागतात. साड्यांच्या घड्या उलगडून दाखवणारा पोरगा मिसरूडही न फुटलेला दिसला, तर भाव करण्यापूर्वी त्याला विचारा, "कितवीत आहेस रे?" दुकान आपलेच असेल, तर त्याची शाळा कधी उघडते तेही विचारा, आणि त्या दिवशी त्याला मोकळा करा.