लाल चक्री

आमच्या बाथरूमच्या दाराआड, डोक्याच्या हातभर वर, तो भिंतीला धरून बसलेला असतो. पितळी अंग, माथ्यावर लोखंडी चक्री. चक्रीचा लाल रंग कडेला उडालाय, मधल्या नटाभोवती मात्र अजून ताजा आहे. आंबिवलीच्या या घरात आम्ही आलो त्याआधीपासून तो इथे आहे. हार्डवेअरच्या दुकानात तो गेट वॉल्व्ह, घरात मेन कॉक. बेसिनचा नळ रोज घासला जातो, शॉवरचं कौतुक होतं. याच्याकडे मान वर करून कुणी बघत नाही. तोही कधी कुरकुरत नाही. मोहिलीला उल्हास नदीतून उचललेलं, शुद्ध केलेलं पाणी आमच्या इमारतीच्या खालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवर चढतं, आणि उतरून घरात शिरताना त्याच्या पोटातून जातं. घरातला प्रत्येक थेंब त्याच्या ओळखीचा.

स्वभावाने तो एकमार्गी. चक्री फिरवली की आतली पितळी पाचर खाली उतरते आणि वाट अडवते. उलट फिरवली की पूर्ण वर जाते. उघडा किंवा बंद, या दोनच गोष्टी त्याला कळतात. अर्धवट ठेवला की पाणी पाचरीच्या कडेवर आदळत राहतं, पाइप थरथरतो आणि कड झिजते. मग एक दिवस बंद करूनही पाणी झिरपतं, आणि आपण म्हणतो कॉक खराब निघाला. खराब त्याला आपण केलेलं असतं.

हे मला उशिरा कळलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, वॉशर बदलायचा एवढंच काम. कॉक बंद करायला गेलो तर चक्री जागची हलेना. कित्येक वर्षं कुणी हात लावला नव्हता, पाण्यातले क्षार आत बसले होते. म्हटलं, राहू दे, पटकन उरकू. नळाला पाना लावला, जोर दिला, आणि नळ भिंतीतल्या गंजलेल्या एल्बोसकट तुटून हातात आला. आम्ही तळमजल्यावर, टाकी चार मजल्यांच्या वर. दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा दाब. तो सगळा त्या अर्ध्या इंचाच्या भोकातून बाहेर आला. समोरची भिंत भिजली, डाळीचे डबे भिजले, आई पाटावर उभी राहून हाका मारत होती.

शेजारचे काका धावत आले. मोहन्याच्या एनआरसी कंपनीत ते पाइप फिटर होते. २००९ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हापासून घरोघरची कामं करतात. त्यांचा पहिला प्रश्न, "कॉक बंद केलास का रे?" माझं तोंड बघून ते जिना चढू लागले. गच्चीवर आमच्या लाइनचा कॉक होता, हे मला त्या दिवशी समजलं.

पाणी थांबल्यावर ते लाल चक्रीपाशी आले. स्पिंडलवर तेलाचे थेंब सोडले, थांबले. मग तळहाताने पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. पान्याला हात लावला नाही. "याला मुरगळायचं नसतं. स्पिंडल तुटला की चक्री नुसती गरगर फिरते, पाणी चालूच." दहाएक मिनिटांनी आत काहीतरी कटकन सुटलं आणि तो फिरला. काका म्हणाले, "कॉकच्या पुढचं, भिंतीबाहेरचं, ते तुझं. कॉक धड बंद होत नसेल किंवा काम भिंतीच्या आत असेल, तर पाना खाली ठेव आणि माणूस बोलाव."

वॉशर, टेफ्लॉन टेप, फ्लश टाकीचा फ्लोट ही कामं त्यानंतर मी घरीच करतो. आधी चक्री बंद, मग नळ उघडून पाइप रिकामा. स्पिंडलच्या मुळाशी पाणी पाझरलं तर ग्लँडचा नट किंचित आवळतो. पण जुन्या जीआय पाइपच्या आट्यांना हात लावत नाही. वरून रंग दिलेला पाइप धडधाकट दिसतो, आट्यांपाशी मात्र तो गंजून कागदासारखा झालेला असतो. आणि मोरी, बेसिन, संडास एकदमच तुंबले तर घरात बांबू घालून उपयोग नाही. बहुतेक वेळा खालची सामाईक लाइन भरलेली असते, तिथे प्लंबर आणि सोसायटी दोघांना सांगावं लागतं.

पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली तेव्हा या कॉकनेच साक्ष दिली. रात्री घरातले सगळे नळ बंद केले आणि स्टुलावर चढून त्याच्या पितळी अंगाला कान लावला. बारीक सूं सूं येत होतं, कुठे तरी पाणी चालत होतं. चक्री फिरवली, आवाज थांबला. उघडली, पुन्हा सुरू. भिंतीतला पाइप गेला होता. सकाळी प्लंबर आला तेव्हा भिंत फोडायची की नाही यावर वाद झाला नाही.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी कॉक पूर्ण बंद करतो, पूर्ण उघडतो, आणि जाम होऊ नये म्हणून पाव फेरा मागे घेतो. आईने परवा जुन्या साडीच्या फडक्याने त्याची धूळ पुसली. मुलीचा हात अजून पोचत नाही. तिच्यासाठी खाली स्टूल ठेवलंय.