दोन इंच पाणी

भंडारदऱ्यात ११,०३९ दलघफू पाणी मावतं, हे मला पाढ्यांच्या वयातच पाठ झालं. पावसाळ्यात वर्तमानपत्र आलं की आजोबा आधी धरणांचा चौकोन वाचत. मुळा, भंडारदरा आणि शेजारी घाटघर-रतनवाडीचा पाऊस. दशलक्ष घनफूट म्हणजे केवढं, हे घरात कुणी विचारत नसे. कालच्यापेक्षा आज किती वाढलं, एवढं पुरे असे.

अकरावीत सरांनी फळ्यावर चौकटी कंसात एल, एम, टी लिहिलं. लांबी, वस्तुमान, काळ. मितींची ही कल्पना फूरियेनं १८२२च्या ग्रंथात उष्णतेच्या गणितासाठी मांडली होती. मी ती धरणांच्या चौकोनाला लावली. धरणाचा साठा एलचा घन. पाऊस मिलिमीटरमध्ये, म्हणजे नुसता एल; त्याला जमिनीच्या क्षेत्रफळानं गुणलं की पाणी हाती येतं. आणि नदीत सोडायचं पाणी क्युसेकमध्ये, सेकंदाला घनफूट. तिथं टी छेदात बसतो.

खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायची वेळ आली की आमच्या जिल्ह्यात हाच टी हरवतो. सभेत क्युसेकचे आकडे गरजतात, किती तास ते कुणी सांगत नाही. ११,५७४ क्युसेकनं अख्खा दिवस सोडलं तर कुठं एक टीएमसी, म्हणजे हजार दलघफू, होतं. मुळा धरण २६ टीएमसीचं. हा भागाकार मांडून बोलणारा वक्ता मी अजून ऐकलेला नाही.

मग आमच्या रानात बोअर घेतलं. गाडीवाला म्हणाला, ‘दोन इंच पाणी लागलंय.’ इंच? वाहत्या पाण्याला नुसती लांबी? (काही जण नळाचा व्यासच सांगतात, ते सोडा.) त्यानं व्ही आकाराची खाच पाडलेली पत्र्याची पट्टी दाखवली. पाणी त्या खाचेतून जाऊ द्यायचं आणि मागं साचलेल्या पाण्याची उंची मोजायची. विसर्ग या उंचीच्या अडीचाव्या घातानं वाढतो. म्हणून एक इंचाचं दोन इंच झालं की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींच्याही वर जातं. सूत्रात उंचीसोबत गुरुत्व त्वरणाचं वर्गमूळ असतं. सेकंद तिथून येतो. एलचा अर्धा घातही तिथलाच. अडीच आणि अर्धा मिळून घन पुरा होतो. त्या इंचात पृथ्वीची ओढ आधीच हिशेबात धरलेली होती.

शेजाऱ्याला पाणी द्यायचं ठरलं तेव्हा मात्र इंचाचं नाव निघालं नाही. भाव तासावर ठरला.