नजर चोरली तेव्हा

चैत्र पौर्णिमा जवळ आली की खानदेशातले पायी यात्रेकरू सप्तशृंग गडाकडे निघतात. पायांना चिंध्या, खांद्यावर निशाण. वाटेतल्या गावात कुणी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरतं, कुणी ओसरीवर टेकायला जागा देतं. आडनाव कुणी विचारत नाही. यात्रा सरते, आणि भाड्याची खोली बघायला आलेल्या पोराला तेच गाव विचारतं, "पूर्ण नाव काय म्हणालात?"

एकदा एका घरमालकाच्या ओसरीवर हा प्रश्न माझ्यासमोर विचारला गेला. नुकता नोकरीला लागलेला पोरगा. त्यानं आडनाव सांगितलं आणि घरमालकाला एकाएकी आठवलं, की खोलीत पाहुणे उतरणार आहेत. पोरगा "बरं" म्हणाला, अंग चोरून दारातून निघून गेला. मी बशीत चहा ओतत होतो. वर पाहिलंच नाही.

रात्री दलित कथाकार बाबूराव बागुलांचा कथासंग्रह काढला : 'जेव्हा मी जात चोरली होती', 1963. नाशिकजवळच्या विहितगावात बागूल जन्मले ते 1930 साली. त्याच वर्षी 2 मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागलेला. नोकरी नव्या काळानं दिली. खोली मात्र जुन्या काळाकडेच मागावी लागली.

त्या रात्री 'चोरली' या शब्दावरच अडलो. चोरायची ती दुसऱ्याची वस्तू. स्वतःची जात कशी चोरणार? पण मराठीत माणूस अंगही चोरतो, आपला धक्का कुणाला लागू नये म्हणून. जात चोरणं हे त्यातलंच. स्वतःला आक्रसून जगात मावेल एवढं करणं. चोर ठरतो तो, आणि जागा अडवून बसलेले साव!

कथेत जात उघड होते, नायकाला मार बसतो. सोडवायला येतो तो त्याच्याच जातीचा काशिनाथ. म्हणजे सोसायचं त्यांनी आणि सोडवायचंही त्यांनीच. परंपरा की आधुनिकता, यावर आम्ही वाचनालयात तावातावानं बोलतो. त्या ओसरीवर प्रश्न एवढा मोठा नव्हताच. "अहो, कुठले पाहुणे?" एवढंच विचारायचं होतं.

तिथं काशिनाथ नव्हता. मी होतो. पोरानं अंग चोरलं, मी नजर चोरली. यातली चोरी एकच होती. चहा मात्र मी बशी निथळेपर्यंत प्यालो.